तुमच्या गोळ्या कुठे आहेत?

मंगळवार, ४ मार्च

आली एकदाची खोकी! आयोडीनच्या गोळ्यांची. काउंटरवर अशी रचून ठेवली आहेत की गिऱ्हाइकाला माझं फक्त डोकं दिसतं. एक बाई आल्या आल्या म्हणाली, "आज दुकानात कुणीच नाही का?" मी खोक्यांमागून हात हलवला.

दर काही वर्षांनी हा सोहळा असतो. गावाबाहेर खाडीच्या तोंडाशी अणूचं वीजकेंद्र आहे. तिथे कधी काही फुटलंबिटलं आणि हवेत नको ते आलं, तर ही गोळी घ्यायची. गळ्यातली ग्रंथी आधीच चांगल्या आयोडीनने भरून टाकायची, म्हणजे वाईटाला आत जागा उरत नाही. इतकंच! बाकी कशावरही ती गोळी चालत नाही, हे मी इतकी वर्षं घसा फोडून सांगते आहे. दर घराला चार गोळ्यांचं एक पाकीट. तारीख संपली की जुनं आणायचं, नवं न्यायचं.

या खेपेला खोक्यांबरोबर भांडणही आलंय. कारण तारीख नुसत्या गोळ्यांची संपत नाहीये, केंद्राच्या परवान्याचीही संपतेय. त्यांना आणखी वीस वर्षं हवीत. आमच्या घरात एकाला ती द्यायची आहेत, एकीला द्यायची नाहीत आणि मी दोघांच्या मधे.

हे केंद्रात आहेत, पाइपांचे जोड तपासतात. लेक मत्स्यखात्यात, खाडीच्या पाण्याचं तापमान मोजते. म्हणजे बाप जिथून गरम पाणी सोडतो तिथे लेक थर्मामीटर घेऊन बसलेली. अशा घरात मी संसार करते!

आमचं स्वतःचं पाकीट वरच्या फळीवर आहे, चहाच्या डब्यामागे. उद्या काढून बदलून टाकते.


गुरुवार, ६ मार्च

सकाळी लेकीने फाटकाच्या डाव्या झडपेवर फलक लावला: "चाळीस झाली, पुरे झाली!" दुपारी हे जेवायला आले. फलक वाचला. जेवले, हात धुतले, गॅरेजात गेले. परत केंद्रावर जाताना उजव्या झडपेवर दुसरा फलक: "वीज हवी, तर वीसही हवीत!" लग्नाला एकतीस वर्षं झाली, यांनी आयुष्यात पहिली कविता केली ती वीजकेंद्रावर. माझ्यावर नाही.

पोस्टमन फाटकाशी उभा राहून म्हणाला, "मी आत येऊ की नको, ते आधी घरात ठरवा बाई."

संध्याकाळपासून दोघांचं बोलणं बंद. म्हणजे एकमेकांशी. माझ्याशी दोघंही दुप्पट बोलतात.

"तुझ्या लेकीला सांग, मीठ इकडे दे."

"आई, बाबांना सांग, मीठ त्यांच्या कोपराशीच आहे."

मी सांगितलं. काय करणार! मीठ खरंच कोपराशी होतं.


शनिवार, ८ मार्च

आज अदलाबदलीचा दिवस. दुकानाबाहेर रांग. मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा असं ठरवलं होतं: "तुमच्या गोळ्या कुठे होत्या?" न विचारते तर बरं झालं असतं.

न्हावी: खुर्ची डुगडुगत होती म्हणून पायाखाली. पाकीट अगदी चपटं झालेलं. "काढलं तर गिऱ्हाइकाचा कान जाईल बाई, नवी दोन पाकिटं देता का?"

गणिताचे निवृत्त मास्तर: चारपैकी दोन खाल्ल्या. डोकं दुखत होतं म्हणून! "आणि थांबलं की!" वर हे. मी म्हटलं, मास्तर, ती डोक्याची गोळी नाही. तर म्हणे, "डोक्याला कुठे ठाऊक होतं?"

बेकरीवाली: बँकेच्या लॉकरमध्ये, दागिन्यांबरोबर. मी म्हटलं, आणि रविवारी काही झालं तर? बिचारी खरोखर विचारात पडली. मग म्हणाली, "रविवारी केंद्र चालू असतं?"

कोळीदादांनी आणलंच नाही. त्यांचं म्हणणं, काही झालं तर मी पाण्यात असणार, पाकीट जमिनीवर असून काय फायदा? नेलं एकदाचं, नाइलाजाने. होडीत कुठेतरी कोंबणार.

शेजारीणबाईंनी कुंडीत पुरल्या होत्या. झाडाला आयोडीन चांगलं असं कुणीतरी सांगितलं म्हणे. झाड जोरात आलंय. मी काय बोलणार यावर!

एकेकाला असं धारेवर धरलं की संध्याकाळी माझाच घसा बसला. दारावर मोठ्या अक्षरांत चिकटवलं: "गोळ्या कुठे आहेत हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं." रांगेतल्या म्हाताऱ्यांना सांगितलं, चाळिशीनंतर या गोळीचा फारसा उपयोग नसतो, आधी पोरांना द्या. तर सगळे माझ्यावर रुसले. गोळीची भूक नव्हती इतके दिवस, आता नाही म्हटल्यावर सगळ्यांना हवी.

आमचं पाकीट बघायचं राहिलंच.


रविवार, ९ मार्च

हे दिवसभर गॅरेजात बाकावर. यांची सुटी म्हणजे घरातलं सगळं उसवलेलं-तुटलेलं एकदम दुरुस्त. माझ्या काळ्या पिशवीचा बंद शिवला. मग मला हाक: "तुझ्या लेकीच्या हेल्मेटची गादी सुटलीय. सांग तिला, ठेव म्हणावं इथे." लेक आतून: "आई, बाबांना सांग, गादी सुटलेली नाही." मी काही सांगितलं नाही, हेल्मेट उचलून बाकावर ठेवलं. यांच्यापुढे जोड सुटलेला नाही हे सिद्ध करायला यंत्र लागतं.

शिवतात मात्र सुरेख! एकसारखे टाके, एकही वाकडा नाही. मी शिवलेलं बटण दुसऱ्या दिवशी सूप प्यायला वाडग्यात येतं.

चहा घेऊन गेले तर म्हणाले, "अठरा तारखेला परवान्याची सुनावणी आहे, तिथे तू बोल. गाव तुझं ऐकतं." मी विचारलं, काय बोलू? सुईत नवा दोरा ओवला. "मी लागलो तेव्हा भिंती उभ्या राहत होत्या. आता बंद करा म्हटलं, की लोक म्हणणार, हा माणूस जन्मभर चुकीच्या जागी घाम गाळत होता."

हे असं कधी बोलत नाहीत.


मंगळवार, ११ मार्च

उरलेली पाकिटं मोजली. एक कमी! दिलेल्यांशी ताळमेळ लावला, तरी एक कमीच. संशय सरळ शेजारीणबाईंवर. त्यांच्याकडे आणखी तीन कुंड्या आहेत.


गुरुवार, १३ मार्च

जेवताना जुंपली. माझ्यामार्फत.

सुरुवात मीच केली, कबूल. सहज म्हटलं, जुन्या बाटलीवर मी नव्या तारखेचं लेबल चिकटवलं तर दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानाला टाळं लागेल.

हे: "तारीख संपली म्हणून औषध त्या दिवशी मरतं का? तपासायचं, चांगलं असेल तर वापरायचं. आणि मागच्या थंडीत मला खोकल्याचं औषध पाजलंस, त्याची तारीख मी वाचली होती!"

मी: "एकदाच! आणि खोकला गेला ना?"

हे: "तेच म्हणतोय मी."

लेक: "आई, बाबांना सांग, खोकल्याचं औषध बिघडलं तर एकाचं पोट बिघडतं."

हे: "तुझ्या लेकीला सांग, इस्पितळातले दिवे कशावर चालतात ते बघून ये. धूर नाही, काजळी नाही."

लेक: "आई, बाबांना विचार, वापरलेलं इंधन कुठे जातं? कुठेच नाही! तिथेच तळ्यात बुडवून ठेवलंय, चाळीस वर्षांचं. न्यायचं कुठे ते अजून ठरायचंय. आणि यांना आणखी वीस वर्षांचं साठवायला परवानगी हवी. आपल्या घरचा कचरा एक दिवस उचलला नाही तर हेच किती ओरडतात!"

यावर यांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला. कारण कचऱ्यावरून हे खरंच ओरडतात.

मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी विचारलं, कुणाला अंडं हवंय का? कुणाला नको होतं.


शुक्रवार, १४ मार्च

पाकीट बघायचं आजही राहिलं. उद्या नक्की.


रविवार, १६ मार्च

लेकीने मला होडीतून नेलं. "एकदा बघ तर खरं, मग काय बोलायचं ते बोल." कोळीदादांची होडी, त्यांचीच बडबड. पाकीट होडीत दिसलं मात्र, दोरीने नीट बांधलेलं. माझं भाषण अगदीच वाया गेलं नाही.

केंद्राचं पाणी बाहेर पडतं तिथे खाडीवर वाफ होती, थोडीशी. लेक म्हणाली, हात घाल. मी सरळ पाय सोडले. काय सांगू, गुडघ्यांना इतकं बरं वाटलं! म्हटलं, अगं, हे तर छानच आहे. लेक असली भडकली! "आई, तुझे गुडघे म्हणजे खाडी नव्हे!" मग शांतपणे सांगितलं. इथे थंड पाण्यात अंडी घालणारे मासे यायचे, ते येईनासे झालेत. त्यांच्या जागी बुळबुळीत जेलीफिश आल्यात, झुंडीने, आणि त्याच पुढे केंद्राच्या जाळ्यांत अडकून पाणी आत जायचं थांबवतात. कोळीदादा मान हलवत म्हणाले, "माझ्या जाळ्यातही त्याच. विकायला नेल्या तर लोक पळतात."

मी पाय काढून घेतले. जरा लाजच वाटली.

परतताना लेकीने सांगून टाकलं. परवाना वाढला तर ती दुसऱ्या शहरातली नोकरी घेणार. पत्र आलेलं आहे. "मी बाबांना घालवून द्यायला निघालेले नाही गं. पण रोज तिथे उभं राहून मोजायचं आणि घरी येऊन मीठ मागायचं, हे नाही होत." मग तोंड वळवून, "आणि काही झालं तर पहिले आत कोण असणार? बाबाच ना?"

वाढला तर लेक जाते. नाही वाढला तर हे मनाने जातात. आणि परवा गाव विचारणार, बाई, तुमचं मत काय? मला रडूच आलं. कोळीदादांना वाटलं होडी लागली. त्यांनी मला लिंबू दिलं.


सोमवार, १७ मार्च

ठरवलं. बाजू घ्यायचीच नाही. गोळ्यांबद्दल बोलायचं: वाटप झालं, गाव तयार आहे, नमस्कार. कुणाचं काही बिघडत नाही. हुशार आहे मी!


मंगळवार, १८ मार्च

हुशार कसली. गाढव!

सुनावणी शाळेच्या व्यायामशाळेत. अध्यक्षबाई बाहेरून आलेल्या, चष्मा नाकाच्या टोकावर. एका बाजूला केंद्राचे लोक, दुसऱ्या बाजूला लेकीची मंडळी. मधल्या खुर्च्यांवर कुणी बसेना, तिथे मी, काळी पिशवी मांडीवर घेऊन. भिंतीवर चढायच्या दोऱ्या लोंबत होत्या. मला सारखं वाटत होतं, जमलं नाही तर वर चढून जावं.

माझी पाळी आली. झकास बोलले. कुंडी, लॉकर, खुर्चीचा पाय, सगळं सांगितलं, लोक हसून हसून बेजार. न्हाव्याने उठून नमस्कार केला. शेवटी मी थाटात म्हटलं, "पण आता गाव तयार आहे. गोळ्या कुठे आहेत हे आता घराघरात माहीत आहे."

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "छान. तुमच्या घरच्या कुठे आहेत?"

"वरच्या फळीवर. चहाच्या डब्यामागे."

"नव्या का?"

"...जुन्या. बदलायच्या राहिल्यात. म्हणजे, जुन्याही असतील तिथे. बहुतेक."

"शेवटच्या कधी पाहिल्या होत्या?"

मी आठवायला लागले. आणि मला आठवेना! मग मास्तरांचा आवाज आला, "खुर्चीखाली बघा!" आणि जो हशा पिकला! केंद्राचे लोक हसले, लेकीची मंडळी हसली, लेक हसली, अध्यक्षबाईंनी तोंडापुढे कागद धरला. इतक्या दिवसांत दोन्ही बाजू पहिल्यांदा एकत्र आल्या त्या माझी फजिती बघायला. हे तेवढे हसले नाहीत. बुटांकडे बघत बसले होते.

मग यांना बोलावलं. आणखी वीस वर्षं पाइप टिकतील का? हे म्हणाले, "जे जोड मी तपासलेत ते ठणठणीत आहेत."

लेक ताडकन उठली. "बाबा, आणि जे तपासले नाहीत ते?"

बाबा म्हणाली! सरळ! मधे मी नाही!

यांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. केंद्राचे व्यवस्थापक पुढच्या रांगेतून वळून बघत होते. हे म्हणाले, "मागच्या बाजूचे काही आहेत. नंतर त्यांच्यापुढे भिंत बांधली. तिथे हात पोचत नाही."

"मग ते कसे आहेत?"

"माहीत नाही," हे म्हणाले.

मग कुणी हसलं नाही. अध्यक्षबाईंनी पुढची सुनावणी मंगळवारी ठेवली.


बुधवार, १९ मार्च

औषधं कमी विकली, उत्तरं जास्त दिली. प्रत्येक गिऱ्हाईक: "सापडल्या का?" बेकरीवालीने तिच्या लॉकरची किल्ली देऊ केली. शेजारीणबाई कुंडी घेऊन आल्या, "उकरून बघता का?" वर विचारतात, घरचं पाकीट हरवलं म्हणून माझ्यावर आळ घेतलात होय? मी काही बोलले नव्हते! बहुतेक चेहऱ्यावर दिसलं असावं.


गुरुवार, २० मार्च

दुकान बंद ठेवून घर उलथंपालथं केलं. फळी, डबे, गाद्या, माळा. सापडलेल्या वस्तू: लेकीचा दुधाचा दात, यांचा हरवलेला मोजा (दुसरा मी मागच्या वर्षी फेकला!), तारीख उलटलेलं खोकल्याचं औषध. गोळ्या नाहीत. जुन्याही नाहीत.

यांना विचारलं. "असतील कुठेतरी," म्हणून वाडग्यात मान घातली. मी तडकले. म्हटलं, तुम्हाला काय, तुमच्या मते काही होणारच नाही! तुम्ही इतकी वर्षं तिथे जाता आणि एकदा तरी विचारलंत का, आपल्या घरी गोळ्या आहेत की नाहीत? हे म्हणाले, "सूप गार होतंय."

एवढा राग आला ना! या माणसाला कशाची भीती म्हणून नाही.

जेवण झाल्यावर कळलं. व्यवस्थापकांनी आज केबिनमध्ये बोलावून घेतलं होतं. मंगळवारी एवढंच म्हणा, भिंतीमागच्या जोडांचा धोका नगण्य आहे. चहा-बिस्किटं देऊन सांगितलं म्हणे. मी विचारलं, तुम्ही काय म्हणालात? "बिस्किट नको म्हटलं."


शनिवार, २२ मार्च



दुकानाची किल्ली पिशवीच्या अस्तरात गेली, म्हणून बोट घालून चाचपत होते. तळाशी काहीतरी टोचलं. अस्तराला आतून एक छोटा खिसा शिवलेला. एकसारखे टाके, एकही वाकडा नाही. उसवला. आत पाकिटातली गोळ्यांची पट्टी, कात्रीने अर्ध्यावर कापलेली. दोन. तारीख नवी, या खेपेची.

म्हणजे माझ्या खोक्यातलं कमी आलेलं पाकीट! आणि म्हणजे मंगळवारी सगळं गाव हसत होतं तेव्हा त्या माझ्या मांडीवर होत्या!

लेकीचं हेल्मेट खुंटीला होतं. गादीखाली हात घातला. तिथे दोन.

पिशवीच्या अस्तराला बारीक भोकं दिसली, जुन्या टाक्यांची. एकदा उसवून परत शिवलेलं, नंतर परत. लेक शाळेत होती तेव्हा दर अदलाबदलीच्या वर्षी हे तिच्या दप्तराचा बंद शिवायचे. मी म्हणायची, अहो, बंद चांगला आहे की. म्हणायचे, सुटला होता.

घरात गोळ्या ठेवून काय उपयोग? आम्ही दोघी घरात असतो कुठे! मी दुकानात, ती खाडीवर. हे मला, औषधवालीला, इतक्या वर्षांत सुचलं नाही. मी लोकांना फळ्या आणि लॉकर विचारत बसले.

आणि हा माणूस मला सांगतो, सूप गार होतंय!

मग यांचा कोट बघितला. डबा बघितला. केंद्राचे बूट, टोपी, सगळी शिवण चाचपली. काही नाही. पाकिटात चार असतात. दोन माझ्याकडे, दोन लेकीकडे. चाळिशीनंतर उपयोग नाही म्हणून यांनी स्वतःला ठेवली नसेल, असं मनाला समजावून बघितलं. पण मीही छप्पन्नची आहे.

खिसा जसाच्या तसा शिवून टाकला. माझे टाके वाकडे आले. लेकीला सांगितलं नाही.


रविवार, २३ मार्च

हे आंघोळीला गेले तेव्हा माझ्या पिशवीतल्या दोन काढल्या आणि यांच्या चष्म्याच्या डब्यात ठेवल्या, पुसायच्या फडक्याखाली. चष्मा घरी विसरून हे कधी जात नाहीत. शिवायची भानगडच नाही. मला जमतं तेवढंच करावं.

नाश्त्याला मी माझं मत सांगून टाकलं. दोघांनाही, एकदम, एकेकाला निरोप न देता. मंगळवारी मी उठून म्हणणार: आधी ती भिंत फोडा, मागचे जोड बघा, मगच वर्षं मागा. न बघता मी खोकल्याचं औषधसुद्धा देणार नाही. आता देणार नाही! आणि तळ्यातल्या कचऱ्याचं आणि गरम पाण्याचं उत्तरही मला हवंय. हे केंद्राला आवडलं नाही तर त्यांनी सर्दीची औषधं दुसरीकडून घ्यावीत.

लेक म्हणाली, "म्हणजे तू आमच्या बाजूने."

हे म्हणाले, "नाही. ती माझ्या बाजूने आहे. मला ते जोड बघायचेच आहेत. ती भिंत बांधली तेव्हापासून बघायचेत."

लेकीने मिठाची बाटली उचलून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी मागितलीही नव्हती.

दुपारी दोघं मिळून फाटकावरचे फलक काढत होते. डिंक यांनी इतका पक्का लावलाय की रंगसुद्धा निघाला. दोघंही एकमेकांना दोष देत होते, थेट. कान तृप्त झाले!


सोमवार, २४ मार्च

हे केंद्रावर गेले, चष्मा घेऊन. दुकानात किल्ली काढायला पिशवी उघडली. माझे वाकडे टाके उसवलेले, त्या जागी सरळ, एकसारखे.

आत दोन.

उद्या अध्यक्षबाई परत विचारतील, तुमच्या घरच्या गोळ्या कुठे आहेत? आता मला नेमकं सांगता येईल. कुणाकडे नाहीत, तेही.